वॉलआयच्या जिगिंग रॉडवर कोणती लाईन भरावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिनियापोलिसला नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थांनी ६ फूट ६ इंचांचा, मीडियम-लाइट पॉवरचा, फास्ट अ‍ॅक्शनचा स्पिनिंग रॉड आणि २५०० आकाराचं रीळ घेतलं आहे. मे महिन्यात वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाचा हंगाम उघडला की मिनेसोटातल्या मिल लॅक्स तलावावर जायचा आणि जिगिंग करायचं, असा बेत आहे. जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, आणि जिगिंग म्हणजे तो पाण्यात वर-खाली नाचवणं. दुकानात मोनो, फ्लुरोकार्बन आणि ब्रेडेड अशा तीन प्रकारच्या लाईनी होत्या, त्याही ४ पौंडांपासून ३० पौंडांपर्यंत (लाईन किती वजन पेलते त्याचा हा आकडा). काही न घेता ते परत आले. यातली कोणती घ्यायची, आणि ९ वर्षांच्या मुलीच्या छोट्या रॉडवर काय भरायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. तुमच्या रॉडवर १० पौंडांची ब्रेडेड लाईन भरा, उठून दिसणाऱ्या पिवळ्या किंवा पोपटी रंगाची. तिच्या पुढे ८ पौंडांच्या फ्लुरोकार्बनचा चारेक फुटांचा लीडर, म्हणजे गळाकडचा वेगळा तुकडा, बांधा आणि लीडरच्या टोकाला जिग. रिळाबरोबर जादा स्पूल (लाईन गुंडाळायची फिरकी) मिळालं असेल तर त्यावर ६ पौंडांचा मऊ मोनो भरून ठेवा. हंगामाच्या सुरुवातीच्या गार, उथळ पाण्यात आणि जोराच्या वाऱ्यात तो लागतो. मुलीच्या रॉडबद्दल शेवटी लिहितो.

नवीन माणूस लाईन निवडताना बहुतेक वेळा पहिला प्रश्न ताकदीचा विचारतो: मासा तोडून तर जाणार नाही ना? वॉलआयच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ बाजूला ठेवला तरी चालतो. मिनेसोटाचा वॉलआयचा विक्रम १७ पौंड ८ औंसांचा आहे आणि तो १९७९ पासून कोणी मोडलेला नाही. तुम्हाला लागणारे मासे बहुतेक १ ते ४ पौंडांचे असतील. त्यातून हा मासा टूनासारखा शंभर वार लाईन ओढत पळत नाही. तो खाली दडी मारतो, डोकं झटकतो, बोटीजवळ आला की दोन-तीनदा बुडी घेतो. ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की लाईन सरकू देणारा रिळाचा ब्रेक, नीट लावलेला असेल तर ६ पौंडांची लाईन त्याला पुरते. तेव्हा निवड करताना दोनच गोष्टी पाहायच्या: तळाशी जिगचं काय चाललंय हे तुमच्या बोटापर्यंत किती स्पष्ट पोचतं, आणि जिग तुम्हाला हव्या त्या जागी राहते का.

वॉलआय जिग कशी घेतो ते समजलं की हे पटेल. तो सहसा झडप घालून पळत नाही. जिगजवळ येतो, तोंड उघडून पाण्यासकट ती आत ओढतो, आणि काही खटकलं तर तितक्याच सहज बाहेर थुंकतो. वर बोटीत बसलेल्या माणसाला यातलं काय कळतं? कधी काठीला बोटाने टिचकी मारावी तसा एक बारीक टोला. कधी टोलाही नाही, फक्त जिग उचलताना ती ओल्या फडक्यासारखी जड लागते. आणि कधी याच्या अगदी उलट घडतं. जिग खाली सोडलेली असते, ती तळाला टेकायला हवी त्याच्या आधीच लाईन सैल पडते, कारण माशाने ती मधेच झेललेली असते. टोला हाताला कळतो, सैल पडलेली लाईन मात्र डोळ्यांनाच दिसते. म्हणून मुख्य लाईन चटकन दिसणारी हवी असं मी म्हणतो. शेवाळी रंगाची लाईन ढगाळ सकाळी, पाण्यावर उजेड कमी असताना, दोन हातांवरही दिसत नाही. आणि वॉलआय नेमका तेव्हाच चरतो.

आता तिन्ही प्रकारांचा स्वभाव पाहू.

मोनो म्हणजे आपलं तंगूस, नायलॉनचा एकच अखंड धागा. कोकणात खाडीवर ज्याने गरी टाकली आहे त्याच्या बोटांना हा धागा ओळखीचा असतो. त्याचा मोठा गुण आणि मोठा दोष एकच, तो ताणतो. तुटायच्या आधी साधारण पाव हिश्श्यापर्यंत लांबू शकतो. शिवाय नायलॉन पाणी पितं, त्यामुळे भिजल्यावर आणखी मऊ पडतं आणि थोडी ताकदही घालवतं. पंचवीस फुटांखाली माशाने जिगला टोला दिला तर त्यातला बराचसा भाग लाईन वाटेतच गिळून टाकते. गळ रुतवण्यासाठी तुम्ही रॉड उचलता तेव्हाही तेच होतं. हात वर येतो, लाईन लांबते, खाली गळ जेमतेम हलतो. उथळ पाण्यात, म्हणजे आठ-दहा फुटांत, हाच ताण उपयोगी पडतो. त्याबद्दल पुढे येईनच.

फ्लुरोकार्बनसुद्धा एकच धागा, पण वेगळ्या प्लॅस्टिकचा. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये ‘सीगार’ या नावाने लीडरसाठी तो बाजारात आणला. त्याची घनता पाण्याच्या पावणेदोन पटींहून थोडी अधिक, त्यामुळे तो बुडतो. तो पाणी पीत नाही. दगडाला घासला तरी नायलॉनपेक्षा जास्त टिकतो. प्रकाशाचा अपवर्तनांक १.४२ च्या आसपास, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या वर. त्यामुळे पाण्यात तो कमी दिसतो, पण जाहिराती म्हणतात तसा ‘अदृश्य’ होत नाही. दुसरा एक गैरसमजही दूर करायला हवा. फ्लुरोकार्बन ताणत नाही असं सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. नायलॉनइतका नसला तरी तो चांगला ताणतो. शिवाय तो ताठ असतो. स्पिनिंग रिळावर ८ पौंडांच्या पुढचा भरलात तर स्प्रिंगसारखा उसळून वेटोळी बाहेर पडतात. म्हणून अख्खं स्पूल फ्लुरोकार्बनने भरायच्या भानगडीत पडू नका. त्याची जागा लीडरची, आणि तिथे त्याला तोड नाही.

ब्रेडेड लाईन पॉलिथिलिनच्या अतिशय बळकट तंतूंची असते. डायनिमा आणि स्पेक्ट्रा ही त्याच तंतूंची व्यापारी नावं. बाजारातल्या ब्रँडांपैकी ‘पॉवर प्रो’मध्ये हे तंतू विणलेले असतात, ‘फायरलाइन’मध्ये उष्णता देऊन एकमेकांना चिकटवलेले असतात, आणि ‘सफिक्स ८३२’मध्ये आठपैकी एक तंतू गोअर कंपनीचा असतो. ब्रेडेड लाईन जवळजवळ ताणतच नाही. पाण्यापेक्षा किंचित हलकी असल्याने तरंगते. आणि त्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा खूप बारीक असते. ६ पौंडांचा मोनो साधारण ०.२२ ते ०.२३ मिलिमीटर जाडीचा, ८ पौंडांचा पाव मिलिमीटरच्या आसपास. १० पौंडांची ब्रेडेड लाईन मात्र ०.१५ मिलिमीटरच्या जवळपास, आणि प्रत्यक्षात ती पाकिटावरच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त वजन पेलते.

बारीकपणाचा फायदा लांब फेकता येण्यापुरता आहे असं अनेकांना वाटतं. जिगिंगमध्ये त्याचं काम याहून फार मोठं आहे, आणि माझ्या मते सगळ्या निवडीची गुरुकिल्ली तीच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

बोट वाऱ्याने सरकत असते, नदीत पाणी वाहत असतं. वरपासून तळापर्यंत लाईनच्या सगळ्या लांबीवर पाणी दाबत राहतं. हा दाब लाईनच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो आणि वेग वाढला तर त्याहून झपाट्याने वाढतो. दाबामुळे लाईन सरळ राहत नाही, तिला पोट येतं. पोट आलं की दोन गोष्टी बिघडतात. पहिली, जिग तळावरून उचलली जाते आणि मागे फरफटते. दुसरी, माशाचा टोला तुमच्या बोटाकडे यायच्या ऐवजी आधी ते पोट सरळ करण्यात खर्ची पडतो. मग माणूस काय करतो? जड जिग लावतो. जड जिग तळाशी टिकते खरी, पण ती धाडकन पडते, आणि चोखंदळ माशाला ती आत ओढून घ्यायलाही जड जाते. लाईन बारीक केली तर तीच खोली हलक्या जिगने गाठता येते. स्थिर पाण्यात दर दहा फुटांना १/८ औंस, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम, हा इथला जुना हिशोब आहे. वीस फुटांत १/४ औंस. मंद वाऱ्यात १० पौंडांच्या ब्रेडेडवर हा हिशोब बरोबर जमतो. त्याच वाऱ्यात ८ पौंडांचा मोनो असेल तर मला ३/८ लावावी लागते, आणि मग जिगचं ते मंद, तरंगत उतरणं हरवतं. वॉलआय बहुतेक वेळा जिग उतरताना घेतो, वर जाताना नाही. तेव्हा ही गोष्ट किरकोळ समजू नका.

मग ६ किंवा ४ पौंडांची ब्रेडेड का नको? बारीक तेवढी बरी, तर अजून बारीक घ्यावी, असं वाटणं साहजिक आहे. पण १० च्या खाली गेलात की गाठ बांधणं कठीण होतं, वाऱ्यात गुंता वाढतो, आणि जोर लावला की वरचा वेढा स्पूलवरच्या खालच्या वेढ्यांत रुततो. हात सरावले की ८ वर जा. शांत दिवशी मी स्वतः ८ वापरतो. उलट बाजूला, ‘जास्त असलेली बरी’ म्हणून २० किंवा ३० कोणी सुचवली तर ऐकू नका. लाईन जाड होते, जिग उडते, आणि खडकात अडकली की तुटता तुटत नाही. १० पौंडांच्या ब्रेडेडपुढे ८ पौंडांचा लीडर ठेवण्याचं एक कारण हेच आहे. अडकलं तर लीडरच्या बाजूला तुटतं, लांबलचक ब्रेडेड लाईन तलावात राहत नाही. अडकलेली ब्रेडेड लाईन हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, ती कातडी कापते. एखाद्या काठीला किंवा बोटीच्या दांड्याला चार वेढे देऊन ओढा.

लीडर हवाच का? पाण्यावर अवलंबून आहे. मिनेसोटाच्या उत्तर सीमेवरच्या लेक ऑफ द वूड्स किंवा रेनी नदीचं पाणी चहासारखं तांबूस असतं. तिथे ब्रेडेडला थेट जिग बांधूनही भरपूर मासे निघतात. मिल लॅक्सची गोष्ट वेगळी. तिथे २००५ मध्ये झेब्रा शिंपले सापडले. ते पाणी गाळून जगतात, आणि पुढच्या वर्षांत तिथलं पाणी खूप स्वच्छ झालं. स्वच्छ पाण्यात पिवळी लाईन थेट जिगपर्यंत नेणं मला तरी पटत नाही. पण दिसण्यापेक्षा मोठं कारण त्या शिंपल्यांचीच धार. खडकांवर त्यांचे थर बसलेले असतात, आणि ताणलेली ब्रेडेड लाईन त्यांना घासली की क्षणात कापली जाते. फ्लुरोकार्बन तिथे वेळ काढतो. दर वेळी जिग वर आली की शेवटचा फूटभर लीडर दोन बोटांतून फिरवून पाहा, खरखरीत लागला तर तेवढा कापून पुन्हा बांधा. त्यासाठीच चार फूट घ्यायचा, कापत कापत दीडेक फूट उरला की बदलायचा. फार लांब लीडर केलात तर जोडगाठ रॉडच्या कड्यांतून फेकताना खडखडते, आणि थंडीत तिथेच अडकते.

याच तलावांत नॉर्दर्न पाइक असतो, दातांचा करवतीसारखा. तो ८ पौंडांचा लीडर सहज तोडेल. त्याच्या भीतीने तारेचा लीडर लावू नका. तारेवर वॉलआय येणं कमी होतं. एखादी जिग गेली तर जाऊ द्या.

जोडगाठीबद्दल. ब्रेडेड आणि फ्लुरोकार्बन जोडायला एफजी गाठ सर्वांत बारीक बसते, पण ती घरी, दिव्याखाली, सवड असताना बांधायची. हलत्या बोटीत, बोटं गारठलेली असताना डबल युनी बांधा. ब्रेडेड निसरडी असल्याने तिच्या बाजूला सात-आठ वेढे, फ्लुरोकार्बनच्या बाजूला चार-पाच पुरेत. आवळण्याआधी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करा आणि सावकाश ओढा. कोरडा फ्लुरोकार्बन झटक्याने आवळला तर घर्षणाने तापून तिथेच कमजोर होतो, मग गाठ दिसायला सुरेख आणि पहिल्या चांगल्या माशाला तुटणारी. जिगला पालोमार किंवा सुधारित क्लिंच, जी तुम्हाला झोपेतही बांधता येईल ती. बोटीखाली सरळ उभं जिगिंग करणार असाल तर जोडगाठीऐवजी अगदी छोटं बॅरल स्विव्हल (दोन्ही टोकं स्वतंत्र फिरणारी धातूची कडी) लावता येतं. वर-खाली करताना जिग गोल फिरते आणि लाईनला पीळ चढतो, तो स्विव्हल उतरवतं.

रिळावर भरताना एक काळजी घ्या. गुळगुळीत धातूच्या स्पूलवर ब्रेडेड थेट बांधली तर सगळा गठ्ठाच्या गठ्ठा स्पूलभोवती फिरतो. ड्रॅग बिघडलाय असं वाटतं, पण घसरत असते लाईन. म्हणून आधी तळाला थोडा स्वस्त मोनो भरायचा आणि त्याला ब्रेडेड जोडायची. काही स्पूलांना रबराची पट्टी असते, तिथे हे लागत नाही. वर दीडशे वार ब्रेडेड खूप झाली. काठापासून दोन-तीन मिलिमीटर कमी भरा. काठोकाठ भरलं की फेकताना वेटोळी एकदम सुटतात आणि असा गुंता होतो की सोडवण्यात सकाळ जाते. भरताना लाईन ओल्या फडक्यातून, दाबाखाली जाऊ द्या, वेढे घट्ट बसले पाहिजेत. आणि फेकून झाल्यावर रिळावरची अर्धगोल तार (बेल) हाताने बंद करा, हँडल फिरवून नको, मग बोटाने लाईन थोडी ताणून घ्या. ही एक सवय लागली की ब्रेडेडच्या बहुतेक तक्रारी मिटतात.

ब्रेडेड वापरताना हातही थोडा बदलावा लागतो. मोनोवर गळ रुतवायला जोरात, लांब झटका द्यावा लागायचा. ब्रेडेडवर तसाच झटका दिलात तर गळाने पडलेलं भोक फाटून मोठं होतं, आणि मासा डोकं झटकायला लागला की गळ निसटतो. मनगटाने, ठामपणे रॉड उचला, एवढंच. ड्रॅग मोनोपेक्षा सैल ठेवा. लाईनमध्ये ताण नाही, तेव्हा धक्का झेलायचं काम रॉडच्या वाकण्याने आणि ड्रॅगने करायचं. तुम्ही मीडियम-लाइट रॉड घेतलात हे चांगलं झालं. ब्रेडेडबरोबर ताठ मीडियम-हेवी रॉड असता तर मी लाईनच बदलायला सांगितली असती. मासा बोटीजवळ आला की विशेष जपा. लाईन थोडीच बाहेर असते आणि शेवटची बुडी तेव्हाच येते.

आता मोनोची बाजू, कारण ती खरी आहे आणि इथले अनेक जुने जाणते अजून तिच्यावर विसंबून आहेत. हंगामाच्या सुरुवातीला, मेच्या मध्यावर, विणीनंतरचा वॉलआय उथळात असतो. सहा ते दहा फुटांत, १/८ किंवा त्याहून हलकी जिग आणि तिला जिवंत शायनर किंवा फॅटहेड मिनो, म्हणजे आमिषाचे छोटे मासे. पाणी गार, मासा सुस्त. तो मिनोची शेपटी धरतो आणि थांबतो. ब्रेडेडवर त्याला तुमच्या हाताचा कडकपणा लगेच जाणवतो आणि तो सोडून देतो. मऊ मोनो तेवढ्यात थोडा लांबतो आणि माशाला आमिष आत घ्यायला वेळ मिळतो. इतक्या कमी खोलीत ताणामुळे टोला फारसा हरवतही नाही. ‘ट्रायलीन’ या मोनोच्या ब्रँडमध्ये एक्सएल हा मऊ प्रकार आहे आणि एक्सटी हा घासाला टिकणारा, थोडा ताठ. जिगसाठी एक्सएल घ्या, ६ पौंडांचा.

वारा हे मोनोचं दुसरं कारण. ब्रेडेड इतकी हलकी की पाण्याच्या वर वाऱ्याने तिची कमान होते, आणि हलकी जिग त्या कमानीमागे ओढली जाते. रॉडचं टोक पाण्याजवळ खाली ठेवलं तर बरंच सावरतं. तरी जोराच्या वाऱ्यात १/१६ औंसाची जिग लांब फेकायची असेल तर मी मोनोचं स्पूल चढवतो.

कडाक्याच्या थंडीत मात्र मोनोचं पारडं तितकं जड नाही. मिनेसोटातल्या रेड विंगजवळ मिसिसिपी नदीवर धरणाच्या खाली हिवाळ्याच्या अखेरीस पाणी मोकळं असतं, वॉलआय आणि त्याचा भाऊबंद सॉगर दोन्ही मिळतात, आणि माणसं शून्याखालच्या हवेत बोटी काढतात. विणलेली लाईन पाणी धरून वर आणते, ते कड्यांमध्ये गोठतं, आणि दर दहा मिनिटांनी बर्फ फोडत बसावं लागतं. चिकटवलेल्या तंतूंची ‘फायरलाइन’ पाणी कमी धरते, म्हणून नदीवर माझी पसंती तिला. मोनो आणखी कमी धरतो, पण गारठ्यात त्याची वेटोळी सुटत नाहीत. प्रवाहात उभं जिगिंग करताना बारीक लाईनची गरज इतकी मोठी असते की मी बर्फ फोडणं पत्करतो. मिशिगनमधल्या डेट्रॉइट नदीवर वसंतात लोक अर्ध्या औंसाहून जड जिगा सरळ खाली सोडतात. तिथे ब्रेडेडशिवाय कोणी दिसलं तर नवल. त्याच नदीवर रॉड न घेता हातात तारेची दोरी धरून, पौंड-दीड पौंडाचं शिसं लावून वॉलआय पकडण्याची जुनी पद्धतही आहे. तार ताणत नाही, बोटाला सगळं कळतं. आपल्या गरीवाल्यांना ती पाहायला फार आवडेल.

गोठलेल्या तलावावर, भोकातून छोट्या रॉडने जिगिंग करायचं असेल तर उघड्यावर ४ ते ६ पौंडांचा मोनो किंवा फ्लुरोकार्बन, तापवलेल्या खोपटात ब्रेडेड चालते. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

उन्हाळा सरकला की मासे खोल जातात, वीस फूट आणि पुढे, आणि तिथे ब्रेडेडच. जिग झटकन दोन फूट वर उडवायची आणि सैल लाईनवर पडू द्यायची, ही स्नॅप जिगिंगची पद्धत गेल्या काही वर्षांत इथे खूप रुळली आहे. ‘जिगिंग रॅप’सारखं आमिष वापरतानाही हीच चाल. मोनोवर तो झटका खाली पोचतच नाही. इथे एक विनंती आहे. तीस फुटांच्या खालून वर आणलेला वॉलआय पाण्यातल्या दाबाच्या फरकामुळे सोडला तरी बरेचदा जगत नाही. मिल लॅक्सवर मासे ठेवायचे नियम कडक असतात आणि बदलत राहतात. सोडून द्यावाच लागणार असेल तर इतक्या खोल जाऊ नका.

मोनो दर वर्षी बदला. ऊन आणि पाणी त्याला पोखरतात, दिसायला तो चांगला दिसतो तरीही. ब्रेडेड अनेक वर्षं टिकते. पुढचा भाग विटला आणि त्याचे धागे सुटू लागले की पूर्ण लाईन काढून उलटी भरा, आतला भाग नवाच असतो. काढलेली लाईन पाण्यात किंवा काठावर टाकू नका. लून पक्षी, बदकं, कासवं तिच्यात अडकून मरतात. बऱ्याच बोटधक्क्यांवर मोनो गोळा करायच्या उभ्या नळ्या असतात, त्यात मोनो टाका. ब्रेडेड पुनर्वापरात जात नाही, तिचे वीतभर तुकडे करून कचऱ्यात टाका.

राहिला मुलीचा रॉड. त्यावर ६ पौंडांचा मऊ मोनो, दुसरं काही नको, लीडरही नको, थेट जिग. पाच-साडेपाच फुटांचा रॉड आणि १/८ औंसाची चटक रंगाची जिग, तिला जळू किंवा अर्धं गांडूळ. मुलं फेकल्यावर लाईन सैल सोडतात, त्यामुळे ब्रेडेडचा गुंता होतो, आणि अडकली की बोटांनी ओढतात, त्यात बोट कापतं. मोनो चुका सहन करतो, गुंता झाला तरी सुटतो, आणि झटका उशिरा किंवा फार जोरात बसला तरी मासा राहतो. तिचा ड्रॅग तुम्ही लावा, हाताने ओढून पाहा, सहज सरकला पाहिजे. सुरुवात वॉलआयपासून करू नका. जूनमध्ये बोटधक्क्याच्या सावलीत सनफिश असतात, त्याच लाईनवर, छोट्या जिगला ते लागतात. दोन-चार सनफिश हाताने काढले की बोटाला टोला कसा लागतो ते तिला आपोआप कळेल, मग संध्याकाळी तिला वॉलआयसाठी बोटीत घ्या.